खाल्लेल्या गोलांची वही

४ जानेवारी
बीपी १५८/९६

डॉक्टर म्हणाले, "घरत, रोज सकाळी बीपी बघायचं, आकडा लिहायचा आणि त्याखाली दोन ओळी. डोकं कशानं तापलं, ते." नवी वही आणायला कोण जातंय? गोलांची वही घरात होतीच, तीच मागच्या बाजूनं उघडली. मशीन निकेशनं आणलंय, माझा त्याच्यावर विश्वास नाही. म्हणजे मशीनवर. निकेश माझा पुतण्या, तिशीतला, माणूस सरळ आहे. करंजाड्यातला आमचा टर्फ, म्हणजे भाड्यानं द्यायचं खोट्या गवताचं मैदान, तोच बघतो.

दोन ओळींत माझं भागणार नाही. पस्तीस वर्षं बंदरात क्लार्क होतो, अर्धवट लिहायची सवय नाही.

डोकं तापायला कारण एकच. माझी मुलगी पूर्वी, वय तेवीस, भारताच्या महिला फुटसाल संघाची गोलकीपर आहे. फुटसाल म्हणजे फुटबॉलच, पण आटोपशीर. एका बाजूला पाच जणी, त्यातली एक गोलकीपर. मैदान बंदिस्त, खाली लाकडी फरशी, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू असला मठ्ठ की उसळी म्हणून घेत नाही. हे मला आमच्या कोन गावात घरोघरी समजावून सांगावं लागतं. आमच्या गावाला कबड्डी कळते आणि क्रिकेट कळतं, बाकी सगळं "ते पोरींचं काय ते".

आता संघाचा हिशेब. आंतरराष्ट्रीय सामने सहा. जिंकले शून्य. बरोबरी शून्य. हरले सहा. केलेले गोल चार, खाल्लेले सदतीस. सहाच्या सहा सामन्यांत गोलमध्ये पूर्वी. म्हणजे या खेळात देशानं आजवर जे काही खाल्लं ते सगळं एकट्या माझ्या पोरीनं खाल्लं. सदतीसच्या सदतीस मी या वहीत पुढच्या बाजूनं उतरवलेत. कितव्या मिनिटाला, कुठल्या बाजूनं, तिची चूक काय. देशांची नावं लिहीत नाही, उगाच एखाद्या देशावर राग बसतो. शर्टाच्या रंगावरून लिहितो. हिरव्यांनी नऊ मारले. लालवाल्या तर अकरा मारून वर हात मिळवायला आल्या होत्या.

महिनाअखेरीस परदेशात पुन्हा पात्रता फेरी आहे. तीन सामने. त्यातला एक जिंकलेला मला बघायचाय, पूर्वी गोलमध्ये असताना. देवाकडे दुसरं काही मागत नाही. झाल्या ओळी दोनाच्या वीस.

७ जानेवारी
बीपी १५४/९४

संध्याकाळी टर्फवर गेलो. सरकारनं शेती घेतली, त्या बदल्यात साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या प्लॉटवर सगळ्यांनी बिल्डिंगा उठवल्या, मी पोरीसाठी टर्फ घातला. गावानं वेड्यात काढलं होतं. असो.

गोलच्या मागे जाळीला लागून माझी खुर्ची ठरलेली. निकेश आणि दोन पोरं मारत होते, पूर्वी अडवत होती. मी मागून सांगत होतो. "एकतिसावा असाच खाल्लेलास! डावा पाय जड पडतो तुझा! लालवाल्यांचा तिसरा आठव!"

ती वळली आणि म्हणाली, "बाबा, व्हिडिओ दाखवतात आमाला सर."

मी म्हटलं, "सर दाखवतात ते वेगळं, बाप सांगतो ते वेगळं."

त्यानंतर तीन सोपे गोल खाल्ले तिनं. निकेश मारायचाच थांबला. लक्ष कुठं असतं या पोरीचं कळत नाही. मी ते तीनही लिहून ठेवले, सरावाचे म्हणून वेगळ्या पानावर.

रात्रीच्या जेवणाला भामा म्हणाली, "वही घरी ठेवत जा जरा."

मी म्हटलं, "घरी ठेवली तर लिहू कशात?"

बायकोला माझ्या कामाची किंमत नाही.

१० जानेवारी
बीपी १५६/९५

काल आणि परवा दोन्ही दिवस संध्याकाळी टर्फवर गेलो तर पूर्वी नाही. निकेश म्हणाला, ती सकाळी सहाला समाजाच्या हॉलमध्ये सराव करते, तिथं फरशी आहे, चेंडू खऱ्यासारखा पळतो. शाबास! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? टर्फवर चेंडू उसळतो, लाकडावर घसरतो, सदतीसमधले निम्मे गोल तर त्यामुळेच असतील.

म्हणून आज पावणेसहाला हॉलवर गेलो. आदल्या दिवशीच्या हळदीचा मांडव अजून दारात उभा, खुर्च्या उलथ्यापालथ्या, आणि पूर्वी हातमोजे पिशवीत भरत होती.

"झालं बाबा," म्हणाली. "आज पाचलाच चालू केलं."

मेहनती आहे पोरगी. कोणावर गेली ते सांगायला नको. उद्या साडेचारला उठतो.

१२ जानेवारी
बीपी घेतलं नाही

पूर्वीला कॅम्पसाठी गोव्याच्या गाडीवर सोडून आलो. वीस मुली बोलावल्यात, चौदा जाणार. गोलकीपर तीन, त्यातल्या दोन जाणार. यादी २१ तारखेला.

गाडीतून स्टेशनवर जाताना मी तिला हिरव्यांचे नऊ गोल एकदा क्रमानं सांगितले, उजळणी झालेली बरी. तिनं कानात ते इअरफोनचं बोंडुक घातलं होतं. गाणी ऐकत असेल म्हणावं तर मान हलत नव्हती, बोटं हलत नव्हती. फोनला चार्जिंग नसेल.

उतरताना म्हणाली, "बाबा, एक ऐका. यादी लागेपर्यंत कोनाला काय सांगू नका. नाय झालं शिलेक्शन तर…"

"नाय कसं होईल?"

"बाबा."

"बरं, बरं. नाय सांगत."

पाया पडली आणि गेली. भामाच्या गळ्यात पडून मात्र पाच मिनिटं उभी होती. घरी आलो, आत-बाहेर केलं, टर्फवर गेलो, परत आलो. कुठं बसावंसं वाटेना. भामा म्हणाली, पायाला भिंगरी लागली का? म्हटलं, लागली.

१५ जानेवारी
बीपी १६४/९८

आजचा आकडा काशिरामच्या खात्यावर. काशिराम म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, कबड्डीत माझ्याच संघात, आणि आता समाजाच्या हॉलचा अध्यक्ष. नाक्यावर चहाला बसलो होतो. सात-आठ जण होते.

काशिराम म्हणतो, "काय रे जगन, पूर्वी या टायमाला किती खानार? सदतीस झालं ना? पन्नास पूर्ण केलं का हॉलवर सत्कार ठेवू आपन!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, काय करणार? घरी येईपर्यंत कान गरम होते. आता हा सदतीसचा आकडा याला कोणी सांगितला, असा विचार करत होतो. मग आठवलं, मीच सांगितला. नाक्यावर सगळ्यांना मीच वाचून दाखवतो प्रत्येक सामन्यानंतर. पण ते अभ्यास म्हणून!

संध्याकाळी निकेशला म्हटलं, बॅनर लावायचा.

निकेश म्हणाला, "काका, यादी २१ ला हाय."

मी म्हटलं, सहा सामने खेळलेली गोलकीपर सोडून कोणाला घेणार आहेत? पाच-सहा दिवसांचा प्रश्न. पाच दिवस उशिरा लावला तर काशिराम पाच दिवस हसणार. तो मान खाजवत गेला.

१७ जानेवारी
बीपी १४६/९०

लागला! वीस बाय दहा. कोन फाट्यावर, येणारा-जाणारा प्रत्येक जण मान वर करतो. वर मोठ्या अक्षरात "भारतीय फुटसाल संघात निवड झाल्याबद्दल कोनची वाघीण कु. पूर्वी जगन घरत हिचे हार्दिक अभिनंदन". मध्ये पूर्वी, हातमोजे घालून. मागे स्टेडियम टाकलंय ते हॉकीचं आहे असं निकेश म्हणतो, असू दे, कोणाला कळतंय. खाली शुभेच्छुक एकतीस, प्रत्येकाचा गोल फोटो. भाऊबंद, मंडळाची पोरं, माजी सरपंच, तिच्या मामाकडचे चौघे. काशिरामचाही टाकला, मुद्दाम, पहिल्या ओळीत. आता हसून दाखव म्हणावं.

आणि काशिराम काय करतो, तर बॅनरखाली उभा राहून फोटो काढून घेतो! गावातल्या सगळ्या ग्रुपवर त्यानंच टाकला.

आज बीपी खाली आलं. डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

१८ जानेवारी
बीपी १७०/१०२

पूर्वीचा फोन आला. मी "काय गो बाय" म्हणालो. मग एकदम शांत आवाजात म्हणाली, "बाबा, बॅनर काढा."

कॅम्पमध्ये सगळ्यांच्या फोनवर फोटो गेला. तिथल्या पोरींनी तिला विचारलं, यादी तुला आधीच कळली का? बाकीच्या दोन गोलकीपर तिच्याशी बोलत नाहीत. सरांनी बोलावून घेतलं. वरच्या कुणा साहेबानं त्यांना विचारलं म्हणे, की निवड व्हायच्या आधी गावात बॅनर कसे लागतात? पूर्वी रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही.

मी म्हटलं, "मी सरांशी बोलतो. माझी चूक हाय, असं सांगतो."

"नको," ती म्हणाली. "तुमी बोलू नका. तुमी कोनाशीच काय बोलू नका बाबा."

फोन ठेवला. भामा माझ्याकडे बघत होती. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. माझ्या जिभेला हाड नाही आणि हातालाही. पोरीनं एक गोष्ट मागितली होती, एक! तेवढी राखता आली नाही मला.

१९ जानेवारी
बीपी घेतलं नाही

बॅनर लावणं सोपं असतं. काढणं बघा.

सकाळी निकेशला घेऊन फाट्यावर गेलो. शिडी लावतो न लावतो तोच मंडळाची दोन पोरं आली. "काका, का काढता? आमचा फोटो हाय त्याच्यात." त्यांना समजावतोय तर माजी सरपंचांचा फोन, की अरे जगन, परवाच लागला ना, आठ दिवस तरी राहू दे, पाहुणे येणारेत. तिचा मामा म्हणाला, आम्ही बॅनर बघायला आज उरणवरून निघालोय. अर्ध्या तासात बॅनरखाली पंधरा माणसं. निवड नाही झालेली, असं तोंडानं म्हणवेना. नुसतंच "काढायचाय" म्हणत राहिलो. लोकांना वाटलं माझं कोणाशी तरी भांडण झालंय.

शेवटी भर दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना, एकटा शिडीवर चढलो आणि कोयत्यानं दोऱ्या कापल्या. एकतीस शुभेच्छुक आणि माझी पोरगी धप्पकन खाली आले. वर उन्हात शिडीवर उभा होतो, एकोणसाठ वय, बीपीचा माणूस, आणि रडायला येत होतं. पडलो असतो तर बरंच झालं असतं, असंही वाटून गेलं. लिहायचं तर खरं लिहावं.

फोटो काढून पूर्वीला पाठवला, नुसते बांबू. दोन निळ्या खुणा आल्या.

२१ जानेवारी
बीपी १६२/९८

यादी लागली. पूर्वी आहे. चौदात आहे!

भामानं देवापुढं साखर ठेवली. मी नाक्यावर गेलो नाही. कोणाला फोन केला नाही. काशिराम स्वतः घरी आला, "अरे, लागली ना यादी, मग बॅनर का काढलास येड्या?" मी म्हटलं, वाऱ्यानं पडला.

२४ जानेवारी
बीपी १६०/९६

पहिला सामना. टर्फच्या ऑफिसात निकेशनं फोन टीव्हीला जोडून दिला. मी सकाळपासून तीनदा येऊन खुर्ची जागेवर आहे का बघून गेलो.

संघ आत आला आणि गोलमध्ये पूर्वी नाही. दुसरीच. रिया नावाची मुलगी, उंच आहे. पूर्वी बाकावर टॉवेल घेऊन बसलेली. माझ्या बॅनरनं तिची जागा घालवली. निकेश म्हणाला, तसं नसेल काका. तसंच आहे.

पांढऱ्या शर्टवाल्यांनी आठ मारले. आपला शून्य. सामने सात, हार सात.

आता जे लिहितोय ते कोणी वाचू नये. तिसरा गोल झाला तेव्हा मला बरं वाटलं. पाचव्याला तर मांडीवर थाप मारणार होतो. बघा म्हणावं, पूर्वीच खाते असं नाही! मग कॅमेऱ्यानं त्या रियाचं तोंड दाखवलं. ओठ दाबून चेंडू जाळीतून काढत होती. तिलाही कुठंतरी बाप असेल. तो लिहीत असेल का? असला तर त्याच्या आजच्या पानावर आठ ओळी झाल्या असतील. मी टीव्हीसमोरून उठलो आणि टर्फला दोन फेऱ्या मारल्या.

घरी भामा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. म्हटलं, बॅनरमुळे बसवली तिला. ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "बॅनरमुळं नाय. तिनंच सांगितलं सरांना, पयल्या म्याचला मला नको."

"का?"

भामानं भाकरी उलटली.

"का गं? दुखतंय का काय तिचं?"

"जेवून घ्या," म्हणाली.

मायलेकींचं काय चालतं ते मला कधीच कळलं नाही. स्वतःहून कोण बाकावर बसतं? देशाचा शर्ट अंगात असताना?

२६ जानेवारी
बीपी १६६/१००

सकाळी शाळेत झेंडावंदन. गुरुजींनी माइकवरून पूर्वीचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. काशिराम शेजारी उभा होता, कानात म्हणाला, "आज तरी जिंकव रे तिला." जसा काही मीच खेळणार होतो. पण चेष्टेनं नाही म्हणाला.

दुपारी सामना, पिवळ्या शर्टवाल्यांशी. आज पूर्वी गोलमध्ये. काय खेळली! पहिल्या डावात बारा वेळा अडवलं, एकदा तर तोंडानं. १-२ नं मागे होतो आणि पाच मिनिटं राहिली तेव्हा सरांनी तो प्रकार केला.

तो प्रकार म्हणजे असा. मागे पडलं की गोलकीपरला बाहेर काढायचं, तिच्या जागी पाचवी खेळाडू आत आणायची आणि पाचही जणींनी पुढं चढून मारायचं. आपला गोल सताड उघडा! मधे चेंडू हिसकावला की समोरच्यांनी त्यांच्याच अर्ध्यातून नुसता ढकलायचा. तस्संच झालं. चेंडू सरपटत, सरपटत, कोणी नसलेल्या गोलमध्ये. १-३. पूर्वी रेषेबाहेर उभी राहून बघत होती. घर उघडं टाकून गावजेवणाला जायचं, त्यातली ही गत. असल्या डोक्याच्या माणसाला कोच कोणी केला?

सामने आठ, हार आठ.

वही घेऊन बसलो आणि अडलो. पूर्वीचे दोन लिहू की तीन? तिसरा झाला तेव्हा ती आत नव्हती. पण संघानं तर खाल्लाच. अर्धा तास पेन हातात. भामानं येऊन दिवा लावला, वहीत बघितलं आणि म्हणाली, "अवो, पोरगी तोंडावर चेंडू खाऊन आली. नाक सुजलं का काय, ते तरी विचारलंत?"

फोन लावला. तिनं उचलला नाही. मेसेज आला, "ठीक आहे. उद्या आराम. परवा शेवटची." मी लिहिलं, "नाक?" तिनं लिहिलं, "आहे." त्यापुढं मी लिहिणार होतो की दुसऱ्या गोलला डावा पाय परत जड पडला. अर्धं लिहिलं आणि खोडलं. का खोडलं ते सांगता येत नाही. परवा सांगेन म्हटलं, सामन्याआधी.

२८ जानेवारी
बीपी सकाळी १६८/१००. नंतर घेतलं नाही, घेणार नाही.

सगळं क्रमानं लिहितो.

शेवटचा सामना, नारिंगी शर्टवाल्यांशी. दोन्ही संघ आधीच बाहेर, म्हणजे पुढं जायचं कोणालाच नव्हतं. आपल्याला मात्र शून्य पुसायचा होता. ऑफिसात मी आणि निकेश. भामा पहिल्यांदाच आली, कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसली. काशिराम न बोलावता आला, स्वतःची खुर्ची घेऊन.

सहाव्या मिनिटाला खाल्ला. पूर्वी पुढं यायला उशीर झाला. मी लिहिलं. अकराव्याला आपण केला, १-१, काशिराम इतक्या जोरात ओरडला की टर्फवरची पोरं बघायला आली. दुसऱ्या डावात आपण आणखी एक केला. २-१! आयुष्यात पहिल्यांदा भारत पुढं! मला खुर्चीत बसवेना. उठलो, दाराशी गेलो, परत आलो. निकेश म्हणाला, काका बसा, तुमी टीव्हीच्या आड येता. तेहतिसाव्या मिनिटाला २-२. चेंडू तिच्या दोन पायांमधून गेला. मी लिहिलं, पाय उघडे.

त्यानंतर मात्र भिंत. एकापाठोपाठ एक मारत होत्या त्या नारिंगीवाल्या, आणि ही हातानं, गुडघ्यानं, छातीनं. भामा डोळे मिटून बसलेली, दर वेळी विचारायची, "गेला?" आणि काशिराम सांगायचा, "नाय गेला वैनी, नाय गेला."

दोन मिनिटं दहा सेकंद राहिली. २-२. मी मनात म्हटलं, बास. आता असंच राहू दे. बरोबरी तर बरोबरी. जिंकणं राहिलं, पण हार तरी नाही. पूर्वीच्या नावापुढं पहिल्यांदा हार नाही.

आणि पूर्वी बाकाकडे पळत निघाली.

तिच्या जागी दुसरी मुलगी, गोलकीपरच्या रंगाचा शर्ट अंगात घालत आत आली. तोच प्रकार! मागे नसताना! बरोबरी हातात असताना! मी टीव्हीला ओरडलो, शिव्या दिल्या, भामा समोर असताना दिल्या. "अरे गोल उघडा टाकला! गोल उघडा टाकला!" निकेशनं माझा दंड धरून ठेवला.

एक चेंडू हिसकावला गेला. नारिंगीवालीनं लांबून मारला. चेंडू सरपटत आपल्या गोलकडे, रिकाम्या, कोणी नाही, आणि खांबाच्या बाहेरून गेला. वीतभर. मी खाली बसलो, फरशीवर.

त्यामुळे तो गोल मी खालूनच बघितला. अकरा सेकंद राहिली होती. डावीकडून चेंडू आला, एकीनं सोडला, दुसरीनं आत लोटला. ३-२.

पूर्वी आत पळाली, हातमोजे चढवत, अकरा सेकंदांपुरती. शिट्टी झाली. मग सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या, ती बाकावरची रियासुद्धा, आणि त्या ढिगातून कॅमेऱ्याला पूर्वीचं तोंड सापडलं. सुजलेलं नाक, आणि हसत होती. तोंड एवढं उघडं, दात सगळे. सातवी-आठवीत असताना असं हसायची. नंतर कधी बंद झालं ते मी पाहिलंच नाही.

काशिराम मला मिठी मारून रडत होता, म्हणत होता, "जिंकली रे, आपली पोर जिंकली." आपली म्हणाला. भामा उठून टीव्हीजवळ गेली आणि पदरानं पडदा पुसला.

फोन साडेचारला आला. भामानं उचलून माझ्या हातात दिला. मी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. शाबास म्हणणार होतो. बॅनरची माफी मागणार होतो. मी तोंड उघडायच्या आत तिकडून आवाज आला. मागे पोरींचा गोंधळ चाललेला, आणि ही घाईघाईनं, एका दमात.

"बाबा, दोन खाल्ले. पयल्याला पुढं यायला उशीर झाला आनि दुसऱ्याला पाय उघडं रायलं. म्हाईत हाय मला. पन आज नका ना सांगू. उद्या सांगा. आजचा दिवस नको."

वही माझ्या मांडीवर उघडी होती. उशीर. पाय उघडे. तेच शब्द, माझ्या अक्षरात. देश पहिल्यांदा जिंकला, आणि माझ्या पोरीला बापाला सांगायला पहिलं हे सुचलं. छातीत असं काहीतरी झालं की मशीन लावलं असतं तर फुटलं असतं. पहाटे पाचला हॉलमध्ये का जायची, कानात बोंडुक घालून गाणी का ऐकायची नाही, बाकावर का बसून राहिली, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि मी म्हणत होतो मेहनती आहे.

"मी काय लिवलंच नाय आज," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच. वही घरी हाय."

भामा बघत होती. निकेश बघत होता. काशिरामही वहीकडे बघत होता.

पूर्वी म्हणाली, "बाबा, सर बरोबरीवर थांबनार होते. मीच गेली त्यांच्याकडं. म्हटलं, मला भायर काढा, आपन जिंकायला जाऊ. सर म्हणाले, उघड्यावर खाल्ला तर लोक तुझ्याच नावावर टाकतील. मी म्हटलं, जाऊ दे."

"पयला मीच टाकला असता," मी म्हटलं. "लोकांचं काय घेऊन बसलीस."

ती हसली. मग बोलत सुटली. गोल केला ती मुलगी मणिपूरची, तिला मराठी दोनच शब्द येतात आणि दोन्ही पूर्वीनं शिकवलेले, ते मला सांगता येणार नाहीत. हॉटेलात रोज नूडल्स, आईच्या हातचं सुकटीचं कालवण आठवतं. रियाला आठ गोल खाल्ल्यावर झोप नव्हती, तर दोघी एका खोलीत झोपल्या. हातमोज्याचं एक बोट फाटलंय. चेंडू खांबाबाहेरून गेला तेव्हा तिनं डोळे मिटले होते, रियानं सांगितलं तिला. मी नुसतं हूं हूं करत होतो. मध्येच मला हुंदका आला तो खोकला करून घालवला, पण तिला कळला असावा, कारण ती बोलायची थांबली.

"बाबा? आयकता ना?"

"आयकतोय," मी म्हटलं. "बोल तू."